लिंबाची नवी पाने पिवळी, शिरा मात्र हिरव्या: उपाय काय करावा?

परसदार (इंदिरानगर, नाशिक)

नमस्कार. आमच्या घराच्या मागील अंगणात, कुंपणाच्या भिंतीपासून जेमतेम दीड फुटावर, साई शरबती जातीचे लिंबाचे झाड आहे. चार वर्षांपूर्वी लावलेले हे झाड पहिली दोन-तीन वर्षे जोमाने वाढले. गेल्या दिवाळीपासून मात्र शेंड्याकडची पालवी फिकट पिवळी येऊ लागली आणि आता मार्चमध्ये सर्वांत वरची पाने जवळजवळ पांढुरकी दिसतात. पान उजेडात धरले की शिरांची बारीक हिरवी जाळी स्पष्ट दिसते आणि शिरांमधला सगळा भाग पिवळा असतो. खालची जुनी पाने मात्र चांगली गडद हिरवी आहेत. फुले येतात, वाटाण्याएवढी फळे धरतात आणि आठवड्याभरात गळून पडतात.

आतापर्यंत दोन घमेली शेणखत आणि मूठभर युरिया दिला, लोह मिळावे म्हणून बुंध्याजवळ गंजलेले खिळे पुरले, आणि शेजारच्या काकूंनी सुचवल्यावरून तीन वेळा चुन्याची निवळीही घातली. पाणी बोअरचे असते. शिवाय पाणी वाया जाऊ नये म्हणून स्वयंपाकघरातील आरओच्या यंत्रातून बाहेर पडणारे पाणीही नळी लावून त्याच आळ्यात सोडले आहे. आळ्याच्या कडेने पांढरा थर धरला आहे. झाड काढून टाकावे, की अजून काही करता येईल?

गच्चीवरची बाग (पंचवटी)

ताई, आमच्या कुंडीतील लिंबाची पाने पिवळी पडली होती तेव्हा मी एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, दिले होते आणि महिन्याभरात पाने सुधारली होती. कढीपत्त्याला मी आंबट ताक पाण्यात मिसळून घालते, त्याचाही थोडाफार उपयोग होतो असे वाटते. झाड काढण्याची घाई करू नका.

बागाईतदार (दिंडोरी तालुका)

नमस्कार. आमची द्राक्षबाग आहे आणि आपण वर्णन केलेले पान आम्ही दरवर्षी पाहतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नवी फूट येते, तेव्हा चुनखडीच्या पट्ट्यातील ओळी लांबूनच पिवळ्या ओळखू येतात.

पंचवटीच्या ताईंचा उपाय त्यांच्या झाडाला लागू पडला असेल, कारण मॅग्नेशियम कमी पडले की झाड ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांना पुरवते. त्यामुळे आधी खालची पाने पिवळी होतात आणि देठाकडे हिरवा त्रिकोण शिल्लक राहतो. नत्राची कमतरताही जुन्या पानांपासूनच सुरू होते आणि तिच्यात शिरांसकट सगळे पान फिकट होते. लोह मात्र झाडाला एका पानातून दुसऱ्या पानात सहसा हलवता येत नाही, म्हणून त्याची उणीव शेंड्यावर दिसते. जुनी पाने हिरवी, नवी पिवळी आणि शिरा हिरव्या, एवढ्या तीन खुणांवरून मला तरी हे लोहाचेच दुखणे वाटते.

आता गंमत अशी की नाशिकच्या काळ्या मातीत लोह कमी नसते. ही माती ज्या बेसाल्ट खडकापासून झाली त्यातच लोह भरपूर आहे. अडचण अशी की मातीत चुनखडी जास्त झाली आणि सामू (pH, म्हणजे माती आम्ल की विम्ल याचे माप) आठच्या वर गेला की लोह विरघळलेल्या रूपात राहत नाही आणि मुळांना घेता येत नाही. कोठार भरलेले आणि दाराला कुलूप, अशी स्थिती होते. म्हणूनच खिळ्यांचा उपयोग झाला नाही. खिळ्यावरचा गंज म्हणजे लोहाचे तेच न विरघळणारे रूप आहे. चुन्याच्या निवळीने तर आपण त्या कुलपाला आणखी एक कुलूप लावले. काकूंचा हेतू चांगला होता, पण आपल्याकडच्या मातीत कॅल्शियमची वाण क्वचितच असते, त्यामुळे निवळी आणि अंड्यांची टरफले दोन्ही बंद करावीत.

पाण्याचाही हिशेब करून पाहा. बोअरच्या पाण्यात लिटरमागे ३०० मिलिग्रॅम क्षारता (चुनखडीच्या रूपात मोजलेली) धरली आणि रोज १५ लिटर पाणी दिले, तर वर्षाला दीड किलोहून अधिक चुनखडी त्याच आळ्यात जमा होऊ शकते. आरओच्या यंत्रातून बाहेर पडणारे पाणी तर मूळ पाण्यापेक्षाही क्षारयुक्त असते, कारण यंत्राने अडवलेले सगळे क्षार त्यातच उतरतात. आपल्या आळ्याच्या कडेचा पांढरा थर त्याचाच आहे. ते पाणी फरशी पुसायला आणि संडासात वापरावे.

खात्री करून घेण्यासाठी आळ्यातील आणि भिंतीपासून लांबची अशी दोन ठिकाणची कोरडी माती दोन बशांत घेऊन तीवर व्हिनेगर टाका. माती फसफसली तर चुनखडी आहे. भिंतीजवळ खणूनही पाहा. बांधकामाच्या वेळचा राडारोडा तेथेच पुरलेला असतो, हा माझा अनुभव आहे.

परसदार

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. काल संध्याकाळी दोन्ही प्रयोग केले. अंगणाच्या मध्यावरील मातीवर व्हिनेगर टाकल्यावर चार-दोन बुडबुडे आले. झाडाच्या आळ्यातील माती मात्र सोडा घातल्यासारखी फसफसली आणि बशीत फेस उभा राहिला. खुरप्याने भिंतीच्या बाजूला खणले, तर आठ-नऊ इंचांवर प्लास्टरचे ढेप, विटांचे तुकडे आणि घट्ट झालेल्या सिमेंटच्या पिशवीचा एक कोपरा निघाला. घर बांधून देणाऱ्यांनी वर फूटभर काळी माती पसरून सगळे झाकून टाकले होते, हे आज कळले.

गच्चीवरची बाग (पंचवटी)

माझा अंदाज चुकला, हे मान्य करते. गंधकाने मातीचा सामू उतरतो असे वाचले आहे. मग आळ्यात गंधक घातले तर?

माती आणि पाणी (गंगापूर रोड)

मी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम केले आहे, म्हणून गंधकाबद्दल लिहितो. मातीतील जिवाणू गंधकाचे सल्फ्युरिक आम्ल करतात, हे खरे आहे. परंतु ते आम्ल आधी चुनखडी विरघळवण्यात खर्च होते, आणि १०० ग्रॅम चुनखडी संपवायला ३२ ग्रॅम गंधक लागते. दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्ड्यात साधारण २७० किलो माती बसते. तीत १० टक्के चुनखडी धरली तर २७ किलो चुनखडी झाली, म्हणजे ती संपवायला साडेआठ किलोहून अधिक गंधक पाहिजे. एवढे गंधक एका झाडाला देणे योग्य नाही. चुनखडी अत्यल्प असेल तेथेच गंधकाचा भरवसा धरावा. येथे त्यावर पैसे घालवू नयेत.

त्याऐवजी ईडीडीएचए प्रकारचे चिलेटेड लोह, म्हणजे मातीत विरघळलेले राहावे म्हणून दुसऱ्या रेणूत बांधलेले लोह, आणावे. दुकानात ईडीटीए प्रकारचे लोहही मिळते आणि ते स्वस्त असते, परंतु चुनखडीच्या मातीत ते फार काळ टिकत नाही, म्हणून वेष्टनावरील अक्षरे नीट वाचून घ्यावीत. ईडीडीएचएची पूड गडद तपकिरी-लाल असते आणि पाण्यात टाकताच पाणी लालभडक होते. आपल्या झाडाच्या वयाला २० ते २५ ग्रॅम पूड १० लिटर पाण्यात पुरेशी व्हावी. वेष्टनावरील प्रमाण वेगळे असेल तर तेच पाळावे. उन्हाने ती निकामी होते, त्यामुळे बुंध्यापासून दोन-अडीच फुटांवर चार-पाच छिद्रे पाडून सूर्यास्तानंतर द्रावण ओतावे आणि वर माती ओढावी.

झाडाला लगेच उभारी हवी असेल तर हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, लिटरला ५ ग्रॅम आणि लिंबूसत्त्व १ ग्रॅम असे द्रावण संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजूंनी फवारावे आणि १०-१२ दिवसांच्या अंतराने तीन वेळा करावे. भर उन्हात फवारल्यास पाने करपतात. फरशीवर प्लास्टिक अंथरावे. हिराकसाचे डाग तांबूस पडतात आणि सहज निघत नाहीत.

भिंतीकडील राडारोडा मुळांना इजा न करता जितका निघेल तितका काढावा आणि त्या जागी कंपोस्ट व पोयटा भरावा. पाणी रोज देऊ नये. काळी माती सतत ओली राहिली की मुळांच्या श्वसनाचा कार्बन डायऑक्साइड आतच कोंडतो, बायकार्बोनेट (पाणी विम्ल करणारा घटक) वाढते आणि पिवळेपणा अधिक होतो. बोट दोन इंच खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. शक्य असेल तर बोअरऐवजी महानगरपालिकेचे पाणी द्यावे. ते गंगापूर धरणातून येते आणि बोअरच्या पाण्यापेक्षा बरेच सौम्य असते. गोवर्धन येथे मुक्त विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र आहे. माती तपासून घेताना सामूबरोबर मुक्त चुन्याचे, म्हणजे मातीतील चुनखडीचे, प्रमाणही मागून घ्या, कारण ते १० टक्क्यांच्या वर असेल तर लिंबूवर्गीय झाड तेथे लावू नये असेच शेतीत सांगतात.

परसदार

पाच आठवड्यांनंतर लिहीत आहे. भिंतीच्या बाजूने सात घमेली राडा निघाला, एका जाड मुळाजवळचा ढेप मात्र तसाच ठेवला. आरओच्या पाण्याची नळी आता धुण्याच्या बादलीत सोडली आहे. पहिल्या फवारणीनंतर आठवड्याभरात पिवळ्या पानांवर मोहरीएवढे हिरवे ठिपके उठले, नेमके जेथे थेंब बसले होते तेथेच. माझे यजमान त्याला लिंबाला देवी आल्या म्हणाले. चिलेट दिल्यानंतर आलेली पालवी मात्र ठिपक्यांशिवाय, सरसकट पोपटी आहे. फळगळ अजून थांबलेली नाही. तिच्यासाठी काही करावे काय?

बागाईतदार (दिंडोरी तालुका)

सध्या काही करू नका, आणि युरिया तर अजिबात नको. झाड पाने भरून काढत असताना फळे टाकणारच, शिवाय एप्रिलचे ऊनही आहे. आळ्यात पालापाचोळ्याचे चार बोटे जाड आच्छादन करा, बुंध्याला मात्र ते टेकू देऊ नका. पावसाळ्यात गच्चीवरचे पाणी पिंपात धरता आले तर त्यासारखे दुसरे पाणी नाही. हस्त बहाराच्या (सप्टेंबर-ऑक्टोबरमधील फुलोऱ्याच्या) सुमारास पुन्हा नवे पान उजेडात धरून पाहा. जाळी दिसली तर चिलेटचा आणखी एक हप्ता द्यावा लागेल.