‘गळती’ की ‘हवा खाणे’? इनटेक मॅनिफोल्डच्या गॅसकेटविषयी

विचारणा

आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकणाऱ्या मुलांसाठी मराठी टिपणं तयार करतो आहे. सध्याचं टिपण जुन्या ॲम्बॅसॅडरच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनावर आहे. इनटेक मॅनिफोल्डचं (हवा-पेट्रोलचं मिश्रण सिलिंडरांकडे नेणाऱ्या फाटेदार नळीचं) गॅसकेट, म्हणजे सांध्यात बसणारं सपाट सील, कसं बदलायचं, एवढाच विषय. मसुद्यात असं लिहिलंय: ‘गॅसकेटमधून हवेची गळती होत असल्यास इंजिन अनियमित चालते. जुने गॅसकेट खरवडून काढावे, नवीन लावावे व नट घट्ट करावेत.’ वाक्यं बरोबर आहेत, पण गॅरेजमध्ये असं कोणी बोलत नाही. ‘गॅसकेट’ लिहू की ‘पॅकिंग’? आणि ‘गळती’ला याहून बरा शब्द आहे का?

प्रतिसाद

‘गळती’ काढाच. भाषेपेक्षा कामासाठी काढा.

गळणं म्हणजे आतलं बाहेर येणं. नळ गळतो, छप्पर गळतं, ऑइल गळतं. इनटेकला उलटं घडतं. गाडी स्लोवर (रेस न देता चालू) असते तेव्हा थ्रॉटल (हवेची झडप) जवळजवळ बंद असतो आणि पिस्टन हवा ओढतच असतात. त्यामुळे मॅनिफोल्डच्या आतला दाब बाहेरच्यापेक्षा बराच खाली जातो. धडधाकट इंजिनात हा फरक साधारण ४५० ते ५०० मिलिमीटर पाऱ्याइतका भरतो. गॅसकेटला फट पडली की तिथून बाहेरची हवा आत शिरते. ती कार्बोरेटरमधून आलेली नसते, म्हणजे तिच्याबरोबर पेट्रोल नसतं. मिश्रण पातळ होतं, गाडी स्लोला टिकत नाही, मिसिंग मारते (मधले ठोके चुकवते), कधी कार्बोरेटरमधून फटकारते. यालाच मिस्त्री म्हणतात ‘मॅनिफोल्ड हवा खातंय’. दोन शब्दांत दिशा कळते.

‘गळती’ वाचलेला मुलगा काय करेल? साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधेल, पंक्चर काढताना शोधतात तसे. इनटेकला बुडबुडा येणार नाही. पाणी आत ओढलं जाईल आणि क्षणभर इंजिनाचा आवाज बदलेल. त्याने डोळ्यांनी नाही, कानांनी शोधायचं आहे. रेस दिली की ओढ कमी होते आणि दोष लपतो, म्हणून ही तपासणी स्लोवरच. काहीजण पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर फवारतात. या इंजिनात ते टिपणात मुळीच सुचवू नका, कारण एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (जळका धूर बाहेर नेणारी नळी) शेजारीच तापलेलं असतं. गार इंजिन नुकतंच चालू करून पाणी फवारा.

आता या इंजिनाची खरी गंमत. हे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) बी-सिरीजचं इंजिन. यात इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही हेडच्या (सिलिंडरांवरच्या झाकणाच्या) एकाच बाजूला आहेत. ओळीने पाच खिडक्या (हेडमधली तोंडं, पोर्ट): एक्झॉस्ट, इनटेक, एक्झॉस्ट, इनटेक, एक्झॉस्ट. एका इनटेक खिडकीवर दोन सिलिंडर चालतात, पुढचीवर १ आणि २, मागचीवर ३ आणि ४. गॅसकेट मात्र पाचही खिडक्यांना मिळून एकच. म्हणजे तेच गॅसकेट दोन खिडक्यांशी हवा खाऊ शकतं आणि तीन खिडक्यांशी बाहेर फुंकू शकतं. फुंकतं तिथे काजळीचा काळा पट्टा उमटतो आणि फटफट आवाज येतो. टिपणात ‘खाणे’ आणि ‘फुंकणे’ अशी जोडी ठेवा. एकच ‘लीक’ लिहिलंत तर मुलगा काजळी शोधत बसेल आणि दोष इनटेकला असेल.

‘घट्ट करणे’ चूक नाही, पण ‘आवळणे’ बरं. या मॅनिफोल्डला जाड वायसर (वॉशर) असतात. एकच वायसर अर्धा इनटेकच्या कानावर आणि अर्धा एक्झॉस्टच्या कानावर बसतो. दोन कानांची जाडी कमी-जास्त असली तर वायसर तिरका दबतो आणि एका बाजूला गॅसकेट मोकळं राहतं. नट कितीही घट्ट असो, हवा खातच राहतं. म्हणून बसवण्याआधी दोन्ही मॅनिफोल्डचे फेस (गॅसकेटला टेकणारे पृष्ठभाग) एका सपाटीत आहेत का, हे सरळ पट्टी लावून बघायचं आणि फरक असेल तर लेथवाल्याकडून फेस मारून आणायचा. मग मधल्या नटापासून बाहेर जात दोन-तीन फेऱ्यांत आवळायचं. इंजिन तापून गार झाल्यावर पुन्हा एक फेरी. सिलिकॉन लावू नये. पेट्रोलने ते फुगतं, एक्झॉस्टच्या बाजूला जळतं. गॅसकेट कोरडंच बसवा.

प्रतिसाद

एक अडचण. आमच्या सांगली-कोल्हापूर भागात शेतावरच्या डिझेल इंजिनाबद्दल ‘एअर घेतली’, ‘हवा धरली’ म्हणतात. टाकी कोरडी पडली, डिझेलच्या नळीत हवा शिरली, की इंजिन बंद. मग स्क्रू ढिला करून एअर काढायची. ‘हवा खातंय’ वाचून आमच्याकडचा मुलगा एअर काढायला निघेल.

प्रतिसाद

रास्त आहे. पण क्रियापदं वेगळी आहेत, तीच सांभाळू. ‘धरणे’ म्हणजे हवा आत अडकून बसली, ती काढावी लागते. ‘खाणे’ म्हणजे हवा सतत आत जाते, तिची वाट बुजवावी लागते. टिपणात एकदा कंसात ‘नळीत एअर धरणे वेगळे’ असं लिहिलं की पुरे.

पॅकिंगचं म्हणाल तर तो शब्द फार पसरट आहे. पंपाच्या ग्लँडमधली दोरी पॅकिंग, आणि शीट आणून हातोडीने ठोकून कापलेलं तेही पॅकिंग. इथे कंपनीने कापलेला, खिडक्यांचा तयार तुकडा आहे, एका तोंडाला पत्रा असलेलाही मिळतो. दुकानात ‘मॅनिफोल्ड गॅसकेट’ मागितलं की तोच मिळतो, तेव्हा ‘गॅसकेट’ ठेवा. लिंगाबद्दल: ‘गॅसकेट उडालं’ आणि ‘गॅसकेट उडाली’ दोन्ही कानावर येतं. तुम्ही नपुंसकलिंगी धरलंय, तेच शेवटपर्यंत ठेवा.

प्रतिसाद

‘खरवडून काढावे’ याच्या आधी ‘ओले करून’ हे दोन शब्द घाला, विनंती आहे. इतक्या जुन्या गाडीतलं मूळ गॅसकेट ॲसबेस्टॉसचं असण्याची शक्यता मोठी. कोरडं खरवडलं, वायर ब्रश मारला किंवा कॉम्प्रेसरने फुंकलं तर धूळ थेट मुलाच्या छातीत जाते. पाणी मारायचं, भिजू द्यायचं, बोथट पात्याने उचलायचं, तुकडे ओलेच पिशवीत बांधायचे. हेडच्या खिडक्यांत आधी फडकं कोंबायचं, नाहीतर कपचा व्हॉल्व्हवर जाऊन पडतो. आणि मॅनिफोल्ड चढवण्याआधी फडकी मोजून बाहेर काढायची, हेही त्याच वाक्यात लिहा.

विचारणाऱ्याचं उत्तर

सगळं घेतलं. नवा मसुदा: ‘स्लोवर गाडी मिसिंग मारत असेल तर मॅनिफोल्ड हवा खात आहे का ते पाहा (डिझेलच्या नळीत एअर धरणे वेगळे). हेडच्या खिडक्यांत फडकी कोंबा. जुने गॅसकेट ओले करून बोथट पात्याने काढा. फडकी मोजून बाहेर घ्या. दोन्ही फेस पट्टीने तपासा. नवे गॅसकेट कोरडे बसवा. नट मधून बाहेर, दोन-तीन फेऱ्यांत आवळा.’ पत्र्याचं तोंड कुठल्या बाजूला, ते राहिलं. कोणी सांगेल का?

प्रतिसाद

मॅनिफोल्डकडे. तापल्यावर मॅनिफोल्ड लांबतं आणि सरकतं, पत्र्यावरून ते गॅसकेट न फाडता सरकतं. मऊ बाजू हेडला.