'एका अश्वशक्तीला किती पैसे' हा तक्ता आणि सुपरकारच्या अफवा: माझा सपशेल विरोध

लालरेषा

काल वंगण यांनी 'येत्या सुपरकार' हा लेख टाकला. प्रतिसाद लिहायला बसलो, दोन ओळींत मावेना, म्हणून वेगळा धागा. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: त्यांनी तक्ता केलाय. गाडी, किंमत, अश्वशक्ती, आणि शेवटच्या रकान्यात भागाकार. फेरारी एफ८० ३६ लाख युरो, १२०० अश्वशक्ती, म्हणजे अश्वशक्तीमागे ३००० युरो. कॉर्व्हेट झेडआर१ पावणेदोन लाख डॉलर, १०६४ अश्वशक्ती, म्हणजे १६५ डॉलरच्या आत. निष्कर्ष काय, तर फेरारी घेणारा मूर्ख. त्याच तक्त्यात पुढची निसान जीटी-आर आणि टेस्ला रोडस्टरही बसवल्यात. ज्या गाड्या अजून कुणाच्या दारात उभ्या राहिलेल्या नाहीत, त्यांची अश्वशक्ती आणि किंमत छातीठोकपणे भरलीय.

आधी अफवांचं बोलू. जॅग्वार एक्सजे२२० आठवा. १९८८ साली बर्मिंगहॅमच्या शोमध्ये दाखवली तेव्हा व्ही१२ (बारा सिलिंडरचं) इंजिन आणि चारही चाकांना ताकद. लोकांनी ५०,००० पौंड डिपॉझिट भरलं. १९९२ला गाडी हातात आली ती ३.५ लिटरच्या टर्बो व्ही६ची, ताकद फक्त मागच्या चाकांना, आणि किंमत मूळ आकड्यापेक्षा कितीतरी वर. मधल्या काळात मंदी आलेली. ग्राहक आणि कंपनी थेट कोर्टात. अ‍ॅस्टन मार्टिन वल्हालाचं तेच. २०१९ला जिनिव्हात दाखवताना स्वतःचं व्ही६ बसवणार म्हणून सांगितलं आणि शेवटी आलं मर्सिडीजच्या एएमजी विभागाचं व्ही८. रोडस्टर नोव्हेंबर २०१७ला दाखवली, २०२०ला देणार होते, पहिल्या मालिकेसाठी अडीच लाख डॉलर आगाऊ मागितले. २०२० कधीच उलटून गेलं.

या सगळ्या कंपनीने स्वतः व्यासपीठावर उभ्या केलेल्या गाड्या. खुद्द कंपनीचा शब्द बदलतो, तिथे 'सूत्रांकडून समजलेल्या' अश्वशक्तीवर भागाकार कसला करताय?

आता तक्ता. एफ८०चं इंजिन ले मान्सची २४ तासांची शर्यत जिंकणाऱ्या फेरारी ४९९पीच्या घराण्यातलं आहे आणि गाड्या होणार फक्त ७९९. सगळ्या संशोधनाचा खर्च तेवढ्याच गाड्यांवर पडणार. मर्सिडीज-एएमजी वनचं उदाहरण घ्या. फॉर्म्युला वनचं १.६ लिटरचं इंजिन उभ्या गाडीत मिनिटाला ५००० फेऱ्यांवर धडधडायचं. ते सिग्नलला १२०० फेऱ्यांवर शांत उभं राहावं आणि धुराच्या नियमात बसावं यासाठी इंजिनिअरांची वर्षं गेली. २०१७ला जाहीर झालेली गाडी २०२२ उजाडेपर्यंत रखडली. या कामामुळे अश्वशक्तीचा आकडा एकानेही वाढला नाही. तुमच्या तक्त्यात या कष्टाची किंमत शून्य आहे. मला राग येतो तो याचा.

वंगण

माझ्याच लेखावर धागा निघालाय तर उत्तर द्यायलाच हवं.

माझं अर्धं आयुष्य गाडीखाली गेलंय. महागड्या गाड्या उघडल्या की आत काय निघतं ते मला सांगू नका. तुमच्या त्याच एक्सजे२२०चे मागचे दिवे रोव्हर २०० या साध्या गाडीचे होते. लॅम्बोर्गिनी डियाब्लोचे नंतरचे हेडलाइट निसान ३००झेडएक्सचे. भाग तोच, वर बॅज वेगळा असला की बिल वेगळं. माझ्याकडे एकाने सेन्सर बदलायला गाडी आणली. डब्यावर महागड्या कंपनीचं नाव, सेन्सरवर पुरवठादाराचा छाप, आणि तोच छाप, तोच नंबर साध्या सेदानच्या सेन्सरवर. दोन्ही शेजारी ठेवून मालकाला दाखवले. त्याचा चेहरा बघून मला वाईट वाटलं. म्हणून मी असे तक्ते करतो.

अफवांबद्दल म्हणाल तर इंजिन मध्यभागी असलेली कॉर्व्हेट येणार ही अफवा कित्येक दशकं चालली. कॉर्व्हेटचे इंजिनिअर झोरा आर्कुस-डंटोव्ह यांनी त्यासाठी प्रयोगाच्या गाड्या बांधल्या, प्रत्येक वेळी वरून नकार. लोक अफवेला हसले. २०१९ला तशी कॉर्व्हेट, सी८, आली, आणि आली ती ६०,००० डॉलरच्या आत. अफवा धरून बसलेले बरोबर ठरले की नाही?

चाकोरी

वंगण यांना अनुमोदन. किमतीची तुलना नको म्हणणारे बहुधा महागड्या बाजूचे असतात. जीटी-आर आर३५ २००७ला आली, अमेरिकेत सुरुवातीला ७०,००० डॉलरच्या आत. जर्मनीतल्या नुर्बर्गरिंग ट्रॅकवर एका फेरीला ७ मिनिटं २९ सेकंद! पोर्शला ते इतकं झोंबलं की त्यांनी स्वतः एक जीटी-आर विकत घेतली, चालवली, ७:५४ काढले आणि निसानने वेगळे टायर लावले असणार असं जगाला सांगितलं. निसानने उलट टायर तेच असल्याचं सांगून त्यांच्या चालकाला शिकवायची तयारी दाखवली. स्वस्त गाडीने महाग गाडीची झोप उडवली ती याच तुलनेमुळे.

लालरेषा

तीच जीटी-आर शेवटी शेवटी सव्वा लाख डॉलरच्या आसपास विकली जात होती, चाकोरी. २०२५च्या ऑगस्टमध्ये उत्पादन थांबलं तोवर सांगाडा तोच. तक्त्यात २००८ची किंमत धरायची की शेवटची? आणि रिंगचे आकडे पुढे करताय तर अंतरही सांगा. आधी बरेच जण २०.६ किलोमीटरवर वेळ मोजायचे. २०१९पासून अधिकृत फेरी २०.८३२ किलोमीटरची. पोर्श ९११ जीटी२ आरएसची मँथी किट (ट्रॅकसाठीचे जादा भाग) लावलेली गाडी २०२१ला धावली तेव्हा लहान अंतरावर ६:३८.८, पूर्ण फेरीवर ६:४३.३. त्याच धावेत, त्याच चालकाच्या हातात साडेचार सेकंदांचा फरक. जुने-नवे आकडे एकाच रकान्यात टाकणाऱ्याने काय सिद्ध केलं?

चाकोरी

साडेचार सेकंदांनी २५ सेकंदांचं भांडण मिटत नाही. विषय टायरचा होता, तुम्ही अंतरावर गेलात.

सावकाश

अंतराचं निघालंच आहे तर ० ते १०० वेग गाठायला लागणाऱ्या सेकंदांचं काय करायचं? अमेरिकन चाचण्यांत पहिला एक फूट धरतच नाहीत. गाडी फूटभर सरकते आणि मग घड्याळ सुरू होतं, म्हणजे शून्यापासून नाहीच. त्यात ०.२ ते ०.३ सेकंद सहज वाचतात. टेस्लाने मॉडेल एस प्लेडच्या दोन सेकंदांच्या आतल्या दाव्याखाली बारीक अक्षरात हे लिहिलं होतं, बाकीचे कितीजण लिहितात? एक गाडी ३ सेकंद आणि दुसरी २.८ म्हणून लोक इथे रात्र रात्र भांडतात आणि दोघांची घड्याळं वेगळ्या क्षणी सुरू झालेली असतात.

चाकोरी

ड्रॅग स्ट्रिपची (सरळ रेषेतल्या शर्यतीच्या पट्ट्याची) ती जुनी पद्धत आहे, फसवणूक नाही. तिथे चाक किरण ओलांडून पुढे गेल्यावरच वेळ सुरू होते. सगळ्यांना एकच नियम.

सावकाश

सगळ्यांना कुठे? युरोपातले बरेच जण थांबलेल्या गाडीपासून मोजतात, अमेरिकेतले फूटभर सोडून. शिवाय तिथे ताशी ६० मैल म्हणजे ताशी ९६.६ किलोमीटर, इथे १००. वेगातल्या राहिलेल्या साधारण साडेतीन किलोमीटरला गिअर बदलावा लागला की अजून फरक पडतो. आणि स्ट्रिपवर चिकट पदार्थ फवारलेला असतो तो वेगळाच. मी एका मित्राच्या शेजारी बसून त्याच्या गाडीचं लाँच कंट्रोल (थांबलेली गाडी झटक्यात सोडणारी यंत्रणा) अनुभवलं आहे. चिकट पट्ट्यावर मान मागे आदळली. नंतर साध्या डांबरावर केलं तर चाकं नुसती फिरली, वासाने डोळे चुरचुरले आणि गाडी जागची हलायला वेळ लागला. छापलेला आकडा यातल्या कुठल्या रस्त्याचा?

वंगण

सावकाश, तुम्ही शेजारी बसला होतात, चालवत नव्हतात. चालवणाऱ्याला क्षणात कळतं की टायर थंड आहेत. एक फूट, अर्धा फूट करत बसायचं तर जगातल्या कुठल्याच दोन गाड्यांची तुलना करता येणार नाही.

सावकाश

हेच तर लालरेषा पहिल्यापासून सांगतायत! आणि मी चालवत होतो की बसलो होतो याचा घड्याळाशी काय संबंध? मुद्दा संपला की माणसावर जायचं ही सवय सोडा.

तिसरा_गिअर

तुम्ही सेकंद मोजा. मला एवढं सांगा, एफ८०मध्ये क्लचचं पेडल आहे का? झेडआर१मध्ये? मॅक्लारेन डब्ल्यू१मध्ये? एकातही नाही. चालकाला काढून टाकून त्याच्या जागी सेकंद बसवलेत.

आणि किंमत ताकदीवर ठरत नाही याचा पुरावा हवा असेल तर २०१६ची पोर्श ९११ आर. फक्त ९९१ गाड्या, ५०० अश्वशक्ती, सहा गिअरचा मॅन्युअल. मागे मोठा स्पॉयलरही नाही. बाजारात तिचे भाव मूळ किमतीच्या कितीतरी पट चढले. २०१७ला जीटी३ टूरिंग मॅन्युअलसह आली आणि ते भाव खाली आले. लोकांनी पैसे मोजले ते डाव्या पायाच्या कामासाठी. वंगण, हा रकाना तुमच्या तक्त्यात कुठे आहे?

वंगण

९११ आरचे भाव सट्टेबाजांनी चढवले. खाली आले यावरूनच कळतं.

तिसरा_गिअर

सट्टेबाजाने चढवले तरी पलीकडे घेणारा होता ना? मी सकाळी रिकाम्या घाटात तिसऱ्यावरून दुसऱ्यात टाकतो तेव्हा पंजा ब्रेकवर ठेवून टाचेने थोडी रेस द्यावी लागते. जमलं तर गाडी रेशमासारखी पुढे जाते, चुकलं तर सगळं अंग हादरतं. हे शिकायला मला वर्षं लागली आणि आता ते शिकवणारी गाडीच कुणी बनवत नाही. मला याचं दुःख आहे आणि ते मी प्रत्येक धाग्यावर मांडणार.

मृगनक्षत्र

भाऊ, तुमचं दुःख खरं आहे, पण धागा किमतीचा आहे. मी आमच्या घरातलं सांगते. माझ्या मोठ्या दिरांनी आयुष्यभर एका गाडीसाठी पैसे साठवले. नवी मर्यादित आवृत्ती येणार अशी कुजबुज सुरू झाल्याबरोबर ते विक्रेत्याकडे गेले. त्याने गोड बोलून डिपॉझिट घेतलं. मग म्हणाला, यादीत वर यायचं तर आधी आमच्याकडून दुसरं एखादं मॉडेल घ्या. त्यांनी तेही घेतलं, नको असताना. ती मर्यादित गाडी शेवटपर्यंत मिळाली नाही. कागदावरची किंमत त्यांच्यासाठी कधी नव्हतीच. वंगण यांच्या तक्त्यातला ३६ लाख युरोचा आकडा घेऊन कुणीही गेलं तरी एफ८० मिळणार नाही, ती कंपनी निवडलेल्या जुन्या ग्राहकांनाच देते.

फोर्ड जीटीच्या वेळी अर्ज भरून घेतले, दोन वर्षं विकायची नाही अशी अट घातली आणि कुस्तीपटू जॉन सीनाने विकली तेव्हा २०१७ला त्याच्यावर दावा लावला. जी वस्तू पैसे असूनही घेता येत नाही आणि घेतली तर विकता येत नाही, तिची किंमत तुम्ही भागाकारात कशी धरता?

चाकोरी

ताई, हा मुद्दा मात्र बिनतोड आहे. मला आवडला नाही, पण बिनतोड आहे. तरी जीटी-आर कुणीही शोरूममध्ये जाऊन घेऊ शकत होता, तिला तरी तक्ता लागू होतो.

लालरेषा

जिथे कुणीही जाऊन घेऊ शकतो तिथे तुलना करा, माझी हरकत नाही. सी८ आणि जीटी-आर शेजारी ठेवा, टायर आणि घड्याळाची पद्धत लिहा, मीही वाचेन. पण लेक्सस एलएफए त्या रकान्यात घालू नका. २०१०ला पावणेचार लाख डॉलर, एकूण ५०० गाड्या. भागाकाराच्या तक्त्यात ती तळाला जाते. तिचं व्ही१० इंजिन ०.६ सेकंदात ९००० फेऱ्यांवर जायचं आणि काट्याला तो वेग झेपत नव्हता म्हणून पडद्यावरचा मीटर बसवावा लागला. काही गाड्या शोरूममध्ये वर्षानुवर्षं पडून राहिल्या, कारण तेव्हाही सगळे हाच भागाकार करत होते. आज ती दुपटीहून जास्त भावाने जाते.

वंगण

एलएफएचं इंजिन मी ऐकलं आहे, त्याला नाव ठेवणार नाही. पण आज दुप्पट भाव आला म्हणून तेव्हाची किंमत योग्य होती असं होत नाही. तेव्हा पैसे मोजणाऱ्याला ते माहीत नव्हतं.

रोडस्टर तक्त्यातून काढतो. पुढची जीटी-आरही काढून खाली 'अफवा' म्हणून वेगळी टाकतो, भागाकाराशिवाय. ज्यांचं वाटप कंपनी ठरवते त्या गाड्यांपुढे तशी खूण करतो, मृगनक्षत्र यांच्यासाठी. अश्वशक्तीचा रकाना राहणार. तो पाहून एखाद्याने बॅजचे पैसे मोजण्याआधी विचार केला तर मला तेवढं पुरे.

सावकाश

आणि फूटभराचं?

वंगण

लिहितो. जिथे कंपनीने सांगितलंय तिथे लिहितो, जिथे नाही तिथे रकाना रिकामा ठेवतो.

तिसरा_गिअर

क्लचचा रकाना टाकला नाहीत तर मी परत येणार.