स्वयंसेवी संपादकांच्या वेब डिरेक्टऱ्या का ओस पडल्या?

प्रश्न

एकाच विषयाला वाहिलेल्या संकेतस्थळांची, माणसांनी स्वतः पाहून निवडलेली सूची सुरू करावी, असे आमच्या अभ्यासगटात घाटत आहे. त्याआधी डीमॉझचे, म्हणजे ओपन डिरेक्टरी प्रोजेक्ट या स्वयंसेवकांनी सांभाळलेल्या संकेतस्थळ-सूचीचे (वेब डिरेक्टरीचे), नेमके काय झाले हे समजून घ्यायचे आहे. १९९८ साली सुरू झालेला हा उपक्रम मार्च २०१७ मध्ये बंद पडला. तोवर नव्वद हजारांहून अधिक संपादकांनी त्याला हातभार लावला होता. ‘गूगल आले आणि डिरेक्टऱ्या संपल्या’ हे उत्तर मला पटत नाही, कारण दोघांचा जन्म एकाच वर्षीचा आहे आणि पुढे कित्येक वर्षे दोन्ही व्यवस्थित चालू होते. मग संपादक का पांगले?

प्रतिसाद १

तुमची शंका रास्त आहे. गूगलने डीमॉझला आधी मोठेच केले. डीमॉझची माहिती श्रेय देऊन कोणालाही वापरता येत असे. गूगलने २००० पासून २०११ पर्यंत तिच्यावर स्वतःची डिरेक्टरी चालवली, आणि इतर असंख्य स्थळांनीही तीच नोंद जशीच्या तशी उतरवून घेतली. पेजरँकच्या, म्हणजे कोणत्या पानाकडे किती आणि कोणाचे दुवे येतात यावरून त्याचे महत्त्व ठरवण्याच्या गूगलच्या पद्धतीच्या, हिशेबात दुव्याला वजन असल्यामुळे डीमॉझमधल्या एका नोंदीला बाजारभाव आला. येथेच सारे बिघडले, असे माझे ठाम मत आहे. वाचकाच्या सोयीसाठी असलेली जागा स्थळमालकांना हवीहवीशी झाली, तपासणीच्या रांगेत जाहिरातबाज नोंदींचा खच पडला, आणि प्रामाणिक संपादकाकडेही ‘हा पैसे घेत असेल’ अशा नजरेने पाहिले जाऊ लागले. विनामोबदला काम करणाऱ्या माणसाला मिळणारा आदरच गेला, तर तो तेथे कशासाठी थांबेल?

प्रतिसाद २

मी काही वर्षे तेथील एका लहानशा विभागाचा संपादक होतो, म्हणून प्रत्यक्ष कामाविषयी लिहितो. ‘या विषयावरील सर्वोत्तम व परिपूर्ण स्थळ, अवश्य भेट द्या’ असे वर्णन आले, की स्थळ उघडून, चार-सहा पाने वाचून ‘नवशिक्यांसाठी आकृत्यांसह पाठ, शेवटी शब्दसूची’ असे लिहायचे. विशेषणे काढायची आणि आत काय आहे तेवढेच सांगायचे, हा दंडक होता आणि तो मला अजूनही मोलाचा वाटतो.

नवी नोंद करण्यात आनंद असे. जुनी नोंद पुन्हा तपासण्यात मात्र तो नसे. मृत दुवे शोधायला रोबोझिला नावाचा प्रोग्राम होता. परंतु मूळ मालकाने सोडून दिलेला पत्ता दुसऱ्याच कोणी विकत घेऊन तेथे जाहिराती लावल्या, तर पान उघडत असल्यामुळे प्रोग्रामला त्यात काही वावगे दिसत नसे. ते माणसालाच पुन्हा जाऊन पाहावे लागे, आणि विभाग जितका भरलेला, तितके हे काम न संपणारे होई. माझ्या मते संपादक थकले ते येथे.

प्रतिसाद ३

पहिल्या प्रतिसादाशी मी अर्धाच सहमत आहे. याहूची डिरेक्टरी पगारी माणसे सांभाळत होती, तरी तीही २०१४ च्या अखेरीस बंद झाली. तेव्हा दोष केवळ स्वयंसेवेचा किंवा लाचखोरीच्या संशयाचा नव्हता. एकात एक वर्गांची उतरंडच वेबच्या वाढीपुढे अपुरी पडली.

मालकीचा मुद्दाही येथे आला पाहिजे. श्रम संपादकांचे होते, पण यंत्रणा आधी नेटस्केप आणि पुढे एओएल या कंपन्यांच्या हाती होती. ऑक्टोबर २००६ मध्ये मुख्य सर्व्हर कोलमडला, तेव्हा डिसेंबरपर्यंत संपादन ठप्प होते. शिवाय २००१ मध्ये आलेल्या विकिपीडियावर कोणालाही दुरुस्ती करता येई, ती लगेच दिसे आणि तिचा इतिहासही सर्वांपुढे उघडा राही. डीमॉझमध्ये आधी संपादकपदासाठी अर्ज करावा लागे, आणि संपादकांच्या अंतर्गत टिपा बाहेरच्या माणसाला दिसत नसत. नोंद का नाकारली, हे कळायला मार्गच नसल्याने संशयाला आयतेच खतपाणी मिळाले.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. प्रत्येक नोंदीपुढे ती शेवटची कधी तपासली याची तारीख आणि नाकारलेल्या नोंदीपुढे त्याचे कारण, दोन्ही वाचकाला दिसतील अशी रचना करावी, असे आता गटापुढे मांडतो. सर्व दुव्यांना ‘नोफॉलो’, म्हणजे ‘क्रमवारी ठरवताना हा दुवा धरू नका’ असे शोधयंत्राला सांगणारी खूण, लावले, तर शोधयंत्रातील क्रमवारीसाठी येणारी गर्दी कितपत कमी होईल?

प्रतिसाद २

बरीच कमी होईल, पण पूर्ण थांबणार नाही, कारण पुष्कळ जण ते न पाहताच अर्ज धाडतात. त्यापेक्षा बाहेरून नोंदी मागवूच नका. संपादकांनी स्वतः शोधलेल्याच घ्या. आणि जितक्या नोंदी वर्षातून एकदा पुन्हा वाचून होतील, तितक्याच ठेवा.