माला-एन (गर्भनिरोधक गोळी) सुरू केल्यापासून पाळी फारच कमी झाली आहे, आणि महालक्ष्म्या तोंडावर आहेत. मदत हवी आहे

मानेवाडा_नागपूर

नमस्कार मैत्रिणींनो. वय २९, मुलगी तीन वर्षांची. आशाताईंकडून माला-एन घेते आहे, आता चौथं पाकीट चालू आहे. आधी पाच दिवस भरपूर जायचं. आता दोनच दिवस, तेही तपकिरी, एखाद्या पॅडात भागतं. गेल्या महिन्यात माहेरी उमरेडला गेले होते तेव्हा एक गोळी राहिली. दुसऱ्या दिवशी दोन घेतल्या, तर मधेच तीन दिवस डाग दिसले.

सासूबाई माझ्या काळजीनेच म्हणतात, "अंगातलं बाहेर पडून नाही राहिलं, साचून गाठ होईन." त्यांना काय सांगू? आणि मलाही आतून भीती वाटतेच.

दुसरं म्हणजे पांढऱ्या गोळ्या संपल्यावर बरोबर चौथ्या दिवशी आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. सोळा भाज्या, आंबील, पुरण सगळं माझ्याच हातचं असतं. अडचण आली तर बाहेर बसावं लागेल. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने काही न विचारता पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या दिल्या, दिवसातून तीन. माला-एनसोबत घेऊ का?

वर्ध्याची_लेक

सोबत घेऊ नका, आधी कोणी जाणकार बोलू द्या. माझ्या वहिनीची पाळी गोळीवर पंधरा दिवस लांबली होती, पण ती छाया घ्यायची. ती गोळी वेगळी, त्यात हार्मोन नसतं. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा. तिच्याने काहींची पाळी लांबते. त्यामुळे एकीचा अनुभव दुसरीला लावू नये.

परिचारिका_१४वर्षं

ताई, साचत काहीच नाही. हे नीट समजून घ्या म्हणजे सासूबाईंनाही सांगता येईल.

एरवी मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीकडून निरोप जातो, बीजकोशात बीज पिकतं आणि महिन्याच्या मध्याला सुटतं. गर्भ राहिला तर हवं म्हणून गर्भाशयात जाड अस्तर तयार होतं. गर्भ राहिला नाही की ते गळून पडतं, ती पाळी. तुमच्या प्रत्येक पांढऱ्या गोळीत लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि इथिनाइल एस्ट्राडायोल ०.०३ मिलिग्रॅम असतं. रोज ती पोटात गेली की पिट्युटरी शांत राहते आणि बीज सुटत नाही. गर्भाशयाच्या तोंडाचा स्राव घट्ट होतो, शुक्राणू सहसा पुढे जात नाहीत. आणि अस्तर पातळच राहतं. जे तयारच झालं नाही ते साचणार कुठून? २१ पांढऱ्या संपल्या की हार्मोन एकदम उतरतं आणि ते पातळ अस्तर गळतं, म्हणून दोन दिवसांत आटोपतं. उरलेल्या सात लोहाच्या. त्यांनी पाळी येते असं बऱ्याच जणींना वाटतं, पण त्या रक्तासाठी आणि रोजची सवय मोडू नये म्हणून असतात.

एक गोळी विसरल्यावर तुम्ही केलंत ते बरोबर. सलग दोन किंवा जास्त पांढऱ्या राहिल्या तर मात्र पुढचे सात दिवस निरोधही वापरा. गोळी राहिली की मधे डाग दिसू शकतात. पहिल्या तीनेक महिन्यांत तर न विसरताही दिसतात.

आता महालक्ष्म्या. औषधवाल्याच्या गोळ्यांची तुम्हाला गरज नाही. त्या बहुधा नॉरएथिस्टेरॉनच्या असतात, म्हणजे हार्मोनवर आणखी हार्मोन. २१वी पांढरी संपली की लोहाच्या सात सोडा आणि दुसऱ्याच दिवशी नव्या पाकिटातली पहिली पांढरी सुरू करा. थोडे डाग दिसू शकतात, पण एरवीसारखी पाळी येणार नाही. नवं पाकीट आजच आणून ठेवा. नॉरएथिस्टेरॉनवर गर्भनिरोधक म्हणून कुणीच विसंबू नये, हेही इथे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी सांगते.

मला खरी काळजी वेगळीच आहे. गोळी सुरू करताना तुमचा बीपी कोणी मोजला होता का? अर्धशिशीत डोळ्यांपुढे चमकतं का? घरात कुणाला रक्ताची गाठ झाली होती का? हे विचारल्याशिवाय ही गोळी देऊ नये.

मानेवाडा_नागपूर

ताई, वाचताना डोळे भरून आले. इतकं कुणी समजावलंच नव्हतं. सासूबाईंना वाचून दाखवलं. "तयारच नाही झालं तं साचन कसं" हे त्यांना लगेच पटलं. अर्धशिशी नाही, गाठीचंही कुणाला नाही. पण बीपी कोणीच मोजला नव्हता.

परिचारिका_१४वर्षं

मग आधी तो मोजून घ्या. डागा रुग्णालय जवळ पडत नसेल तर मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात जा, नाहीतर तुमच्या वस्तीतल्या आरोग्य केंद्रात. आणि एका पायाची पोटरी सुजून दुखली, छातीत दुखलं, दम लागला, एकाएकी धूसर दिसलं किंवा कधी नव्हे असं डोकं दुखलं, तर गोळी बंद करून त्याच दिवशी दवाखाना गाठा. पुढे कधी पांढऱ्या संपूनही थेंबभर गेलं नाही आणि मधे गोळ्या राहिल्या असतील, तर गर्भ राहिला का ते लघवीच्या तपासणीने बघा.

मानेवाडा_नागपूर

आज केंद्रात जाऊन आले. बीपी ११८/७६. नवं पाकीटही तिथूनच मिळालं. औषधवाल्याची पट्टी परत करणार आहे.