आर्किटेक्चरनंतर लँडस्केपचं मास्टर्स: पोर्टफोलिओ आणि पहिल्या सत्राआधीची तयारी

ओसरी
आर्किटेक्चरची पाच वर्षांची पदवी झाली आहे. आता लँडस्केप आर्किटेक्चरच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना अर्ज करायचे आहेत. पोर्टफोलिओत सहा प्रकल्प आहेत आणि सहाही इमारतींचे. बाहेरची जागा त्यांत आहे, पण इमारत बसवून उरलेली. अर्जाला तीन महिने आहेत आणि प्रवेश मिळाला तर सत्र सुरू व्हायला आणखी चार.
या वेळात झाडांची नावं पाठ करावीत, जीआयएस (नकाशावर माहितीचे थर मांडणारी संगणकप्रणाली) शिकावं, की रेंडरिंग (प्रकल्पाची वास्तवदर्शी चित्रं) सुधारावं? शिवाय काही ठिकाणी हाच अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे, काही ठिकाणी तीन. जाणकारांनी नेमकं सांगितलं तर फार मदत होईल.

समोच्च
वर्षांचं आधी उरकतो. तीन वर्षांचा अभ्यासक्रम साधारणपणे डिझाइनची पदवी नसलेल्यांसाठी असतो. आर्किटेक्चर किंवा लँडस्केपची पदवी असेल तर दोन वर्षांचा. दोन वर्षांत शिकवणं कमी होत नाही, पहिल्या सत्रात कोंबलं जातं. म्हणून विषयांची यादी मागवा आणि दोन गोष्टी पाहा: ग्रेडिंग (जमिनीच्या पातळ्या आणि उतार आखणं) आणि निचरा हा स्वतंत्र विषय आहे का, आणि वनस्पतींचा विषय किमान दोन सत्रं चालतो का. एकाच ऋतूत पाहिलेलं झाड अर्धंच कळतं. पुढे व्यावसायिक नोंदणी करायची असेल, तर ती पदवी नोंदणी संस्थेला मान्य आहे याची खात्री अर्जाआधीच करून घ्या.

आता पोर्टफोलिओ. इमारती फेकून देऊ नका, त्यांची जमीन पुन्हा काढा. सहापैकी चार ठेवा. त्यांतला ज्याच्या जागेला खरा उतार आहे तो निवडा आणि त्याचा सेक्शन (उभा छेद) इमारतीच्या दोन्ही बाजूंना ३० ते ५० मीटर लांबवा. जमिनीखाली दीड-दोन मीटरपर्यंत जा. आर्किटेक्चरच्या सेक्शनमध्ये जमीन म्हणजे एक जाड रेघ आणि खाली हॅचिंग, म्हणजे तिरप्या रेघांचा भराव. इथे त्याच हॅचिंगच्या जागी वरची सुपीक माती, खालचा मुरूम, मुळांचा पसारा, पायाची कड आणि पाणी कुठून कुठे जातं हे दिसायला हवं. तोच सेक्शन तीनदा काढा: लागवडीचं वर्ष, दहावं वर्ष, पंचविसावं वर्ष. उद्घाटनाच्या दिवशीच पूर्ण वाढलेली झाडं दाखवणारं रेंडरिंग निवड समितीला तुमच्याविषयी काहीच सांगत नाही. हा एक सेक्शन बरंच काही सांगतो.

प्लॅनवर मूळ कंटूर (समान उंचीच्या रेषा) तुटक रेषेने आणि नवे सलग रेषेने, हा संकेत पाळा. झाडांची वर्तुळं सगळी एकाच मापाची नकोत. सर्वात जास्त खटकणारी चूक म्हणजे तळघराच्या स्लॅबवर ४० सेंटिमीटर माती आणि त्यावर आठ मीटर रुंद पसाऱ्याचा वृक्ष. अनुभवी नजर तिथेच थांबते आणि मग बाकीची पानंही संशयाने पाहते.

एक प्रकल्प निव्वळ निरीक्षणाचा घाला. १० × १० मीटरचा कुठलाही तुकडा घ्या आणि तो सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि पाऊस पडून गेल्यावर हाताने काढा: सावली कुठवर येते, माती कुठे ओली राहते, माणसं कुठून आडवाट काढतात. दोन पानं पुरेत. गटात केलेल्या कामात तुमचा वाटा कोणता, ते प्रत्येक पानावर स्पष्ट लिहा.

पाणलोट
सत्राआधीच्या चार महिन्यांविषयी माझं मत ठाम आहे: ग्रेडिंग. वास्तुविशारदांची दांडी सर्वात जास्त इथेच उडते, कारण पाच वर्षं फरशीची पातळी शून्य धरून काम केलेलं असतं. सॉफ्टवेअरशिवाय, ट्रेसिंग पेपरवर हा सराव करा.

६० मीटर लांबीचा एकसारखा उतार घ्या, वरची कड १००.०० आणि खालची ९७.०० मीटर उंचीवर. म्हणजे ५ टक्के उतार, आणि अर्ध्या मीटरचे कंटूर बरोबर १० मीटर अंतरावर येतात. मधोमध, ९८.५० च्या रेषेवर, २० मीटर रुंद आणि उताराच्या दिशेने १२ मीटर लांब असा ओटा बसवायचा आहे. मूळ जमीन ओट्याच्या वरच्या कडेला ९८.८० आणि खालच्या कडेला ९८.२० आहे. ओटा सपाट ठेवायचा नाही, १.५ टक्के उतार दिला तर १२ मीटरला १८ सेंटिमीटर. म्हणून वरची कड ९८.५९, खालची ९८.४१. वरच्या बाजूला २१ सेंटिमीटर खोदाई, खालच्या बाजूला २१ सेंटिमीटर भराव. दोन्हींचा छेद त्रिकोणी, पाया ६ मीटर: ०.५ × ६ × ०.२१ × २० = १२.६ घनमीटर खोदाई आणि तेवढाच भराव.

कागदावर हिशेब जुळला, पण जागेवर माती कमी पडते. खोदलेली माती आधी फुगते आणि ठोकून बसवली की बहुधा मूळच्यापेक्षा कमी जागा घेते. १० ते १५ टक्के घट धरली तर सव्वा ते दोन घनमीटर तूट येते. ओट्याचं क्षेत्रफळ २४० चौरस मीटर. अख्खा ओटा एक सेंटिमीटर खाली घेतला की खोदाई आणि भराव यांच्यात २.४ घनमीटरचा फरक पडतो आणि तूट भरून निघते. एका सेंटिमीटरची ही किंमत हाताने गणित केल्याशिवाय अंगवळणी पडत नाही. (बाजूचे उतार मी इथे सोडले आहेत. दुसऱ्या फेरीत तेही मोजा, १:३ धरून, म्हणजे एक मीटर उंचीला तीन मीटर आडवं अंतर.)

आता पाणी. वरच्या चोवीस मीटरच्या उतारावरून येणारं पाणी थेट ओट्यावर येईल. म्हणून वरच्या कडेला उथळ चर हवा: मध्यावर उंच, दोन्ही टोकांना १० मीटरमध्ये २० सेंटिमीटर खाली, म्हणजे २ टक्के. तिथून बाजूने वळवून खाली मोकळ्या जमिनीवर सोडायचा. चरातले कंटूर चढाच्या दिशेने टोक करतात, उंचवट्यावरचे उताराच्या दिशेने. हे उलटं काढलं की चराचा बांध होतो.

तपासताना या चुका शोधा: नवा कंटूर मूळ कंटूरला परत न मिळता मध्येच संपलेला, भिंत नसताना दोन कंटूर एकमेकांना चिकटलेले, सखल जागा आहे पण पाणी जायला वाट नाही, आणि इमारतीकडे वळलेला उतार. भिंतीपासून पहिले तीन मीटर जमीन किमान २ टक्क्यांनी बाहेर पडलीच पाहिजे.

हाताशी ठेवायचे आकडे थोडेच आहेत. फरसबंदी १ ते २ टक्के. हिरवळ किमान २ टक्के, आणि यंत्राने कापायची असेल तर जास्तीत जास्त १:३. पायवाट १:२० पेक्षा तीव्र झाली की ती रॅम्प समजायची, आणि रॅम्पची कमाल मर्यादा १:१२. पायवाटेचा आडवा उतार २ टक्क्यांवर गेला की चाकाची खुर्ची एका बाजूला ओढली जाते.

प्रवाहासाठी सूत्र: गुणांक (पावसाचा वाहून जाणारा हिस्सा) × पावसाची तीव्रता (मिलिमीटर प्रति तास) × क्षेत्र (हेक्टर) ÷ ३६०. उत्तर घनमीटर प्रति सेकंद. एक हेक्टर, तासाला ६० मिलिमीटरचा पाऊस: चिकणमातीवरच्या हिरवळीला गुणांक ०.३ धरला तर सेकंदाला ५० लिटर. तीच जागा बहुतांश फरसबंद करून गुणांक ०.८ झाला तर १३३ लिटर.

मूळधरू
पाणलोट यांच्या सूत्रात एक भर. त्यातून प्रवाहाचा उच्चांक मिळतो, पाण्याचं आकारमान नाही, आणि ते लहान पाणलोटापुरतंच वापरावं. पहिल्या स्टुडिओत बरेच जण हाच आकडा घेऊन तळं मापायला बसतात. नाल्याचा, पाइपचा आकार ठरवायला उच्चांक; साठवणीला आकारमान. त्याच एका हेक्टरवर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर गुणांक ०.३ असताना ७५ घनमीटर आणि ०.८ असताना २०० घनमीटर पाणी वाहून जातं. वाढीव १२५ घनमीटर २० सेंटिमीटर खोलीच्या पर्जन्यबागेत (पावसाचं पाणी साठवून जिरवणाऱ्या सखल वाफ्यात) थोपवायचं तर ६२५ चौरस मीटर जागा लागेल. ही जागा प्लॅनमध्ये पहिल्या दिवशीच राखावी लागते, शेवटी कोपऱ्यात बसत नाही. आणि ते पाणी एक-दोन दिवसांत जिरलं पाहिजे. त्यासाठी ३० सेंटिमीटरचा खड्डा खणून, एकदा भरून मुरू देऊन, पुन्हा भरून तासाला पातळी किती उतरते ते मोजा. तासाला सव्वा सेंटिमीटरही उतरत नसेल तर खाली सच्छिद्र पाइप टाकल्याशिवाय पर्जन्यबाग चालत नाही, तिचं डबकं होतं.

झाडांविषयी: नावं पाठ करण्याआधी मातीचा हिशेब शिका. मोठ्या वृक्षाला साधारण ३० घनमीटर मोकळी, न दबलेली माती लागते. मुळं बहुतेक वरच्या मीटरभरातच पसरतात, म्हणून ९० सेंटिमीटर खोली धरली तर एका झाडाला ३३ चौरस मीटर. फुटपाथवरचा सव्वा मीटर चौरस, एक मीटर खोल खड्डा म्हणजे जेमतेम दीड घनमीटर. त्यातलं झाड काही वर्षांत खुंटतं किंवा फरशी उचलतं, आणि दोष प्रजातीला दिला जातो.

स्लॅबवर लावणार असाल तर वजन. पाण्याने भरलेली माती घनमीटरला सुमारे १८०० किलो. ६० सेंटिमीटर मातीचा थर म्हणजे चौरस मीटरला १०८० किलो, झाडाचं आणि माणसांचं वजन वेगळं. हा आकडा स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे सुरुवातीलाच जायला हवा. कुंडीच्या तळाशी खडी घातली की निचरा सुधारतो ही समजूतही सोडा. बारीक कणांच्या मातीतलं पाणी वरची माती पुरती भिजेपर्यंत खालच्या खडीत उतरतच नाही. म्हणजे खडीने ओला थर वर सरकतो आणि मुळांना मिळणारी माती तेवढी घटते.

लागवडीचा खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दोन-तीन पट रुंद, पण गोळ्याइतकाच खोल. खोड जिथे फुगीर होऊन मुळांत पसरतं, तो भाग जमिनीवर दिसला पाहिजे. डिटेलमध्ये तो पुरलेला दाखवला की जागेवरही पुरलाच जातो आणि खोड कुजतं.

मग नावं. चारशे नकोत, चाळीस घ्या. प्रत्येकाची दहा वर्षांनंतरची उंची आणि घेर, मुळांची सवय, ऊन, पाणी, पानगळीचा काळ आणि निसर्गात त्याच्या शेजारी काय वाढतं हे लिहा. दर महिन्याला त्याच झाडांपाशी जाऊन नोंद करा. कुळं ओळखायला शिकलात की नवं झाडही अर्धं ओळखीचं वाटतं. झुडपांची संख्या अंदाजाने लिहू नका: त्रिकोणी मांडणीत क्षेत्रफळ × १.१५५ ÷ अंतराचा वर्ग. ४० सेंटिमीटर अंतराला चौरस मीटरमागे ७.२ रोपं, चौकोनी मांडणीत ६.२५.

थर
जीआयएसबद्दल थोडक्यात. क्यूजीआयएस हे त्यासाठीचं सॉफ्टवेअर मोफत आहे. पाणलोटाची हद्द काढणं, उताराचा नकाशा आणि थर एकमेकांवर ठेवणं, एवढं दोन आठवड्यांत येतं. पण प्रमाणाचं भान ठेवा. मोफत मिळणारी जागतिक उंचीची माहिती बहुधा ३० मीटरच्या चौकटीची असते. एक हेक्टरच्या जागेत अशा जेमतेम अकरा चौकटी बसतात, आणि उंचीत काही मीटरची चूक असू शकते. पाणलोट समजायला ती उत्तम, ग्रेडिंगला निरुपयोगी. तिच्यातून अर्ध्या मीटरचे कंटूर काढता येतात, दिसतातही सुंदर, पण ते खोटे असतात. जागेच्या कामाला प्रत्यक्ष सर्वेक्षणच लागतं.

लँडस्केप आर्किटेक्ट इयान मॅकहार्ग यांनी रुजवलेली थरांची पद्धत (माती, पाणी, उतार असे नकाशे एकमेकांवर ठेवून जागा तपासणं) शिका, पण प्रत्येक थराला दिलेलं वजन, म्हणजे महत्त्व, कुणी आणि का ठरवलं हे नकाशाशेजारी लिहा. तेवढं नसेल तर रंगीत नकाशा उरतो, निर्णय निघत नाही.

ओसरी
सगळ्यांचे मनापासून आभार. उद्यापासून तो ६० मीटरचा उतार काढायला घेते. एक शेवटचं: अर्जासोबतच्या निवेदनात संशोधनाचा विषय मागितला आहे. ‘शहरी नदीचं पुनरुज्जीवन’ असं लिहिलं तर चालेल?

समोच्च
हे क्षेत्र झालं, प्रश्न नव्हे. सिंगापूरचं बिशान–आंग मो किओ उद्यान पाहा, २०१२ साली पूर्ण झालेलं. २.७ किलोमीटरचा सरळ काँक्रीट कालवा तिथे ३.२ किलोमीटरच्या वळणावळणाच्या नदीत बदलला, ६२ हेक्टरच्या उद्यानात. ‘नदी परत आणली’ एवढंच त्याविषयी लिहिलं जातं. वाचायचं ते वेगळं: काँक्रीटपेक्षा खडबडीत काठावर पाण्याचा वेग घटतो, म्हणून तेवढाच पूर वाहून न्यायला छेद किती रुंद करावा लागला; काठ धरून ठेवायला कुठली वनस्पती आणि दगड वापरले, आणि ती तंत्रं आधी लहान टप्प्यावर कशी तपासली; पाणी चढताना लोक बाहेर कसे पडतात. यातल्या प्रत्येकातून प्रश्न निघतो.

तुमच्या विषयाला एक ठिकाण, एक बदलणारी गोष्ट आणि एक मोजमाप द्या. उदाहरणार्थ: अमुक नाल्याच्या ८०० मीटर लांबीत काठाचा उतार १:१ वरून १:३ केला तर जागा किती लागते, पुराची पातळी किती बदलते आणि कुठली झाडं तग धरतात? निवेदनात हे तीन-चार वाक्यांत मावतं. प्रवेशानंतर विषय बदलला तरी चालतो. प्रश्न आखता येतो का, हे त्यांना पाहायचं असतं.

पाणलोट
आणि त्या प्रश्नाची रेखाटनं कुठल्या प्रमाणांत लागतील तेही ठरवून ठेवा: पाणलोट १:२५,०००, नाल्याचा टप्पा १:२०००, काठाचा सेक्शन १:१००, दगड आणि मुळांचा डिटेल १:२०. १:१०० चा सेक्शन सर्वात आधी काढा. काठ १:३ चा केल्यावर दोन मीटर खोलीला एका बाजूला सहा मीटर जागा जाते, दोन्ही बाजूंना बारा. तेवढी जागा तिथे आहे की नाही हे पहिल्या तासातच कळेल, आणि नसेल तर प्रश्न तेव्हाच बदलता येईल.