तंजावरला 'आपलं' म्हणणं थांबवू या का?

नदीकाठचा
गेल्या महिन्यात चार दिवस तंजावरला राहून आलो, तेव्हापासून हे मनात घोळतंय. बृहदीश्वराच्या आवारात आपल्याकडची एक सहल आली होती. सगळे थेट तंजावरचे मराठा राजे सरफोजी यांनी १८०३ साली कोरून घेतलेल्या भोसले घराण्याच्या मराठी शिलालेखाकडे गेले. फोटो काढले, 'आपलं तंजावर' म्हणाले आणि बसकडे वळले.

त्याच देवळाच्या भिंतींवर राजराज चोळाने चारशे नर्तकींची नोंद करून ठेवली आहे. कोण कुठल्या गावच्या देवळातून आली, तिला कुठल्या रस्त्यावर घर दिलं, सगळं नावानिशी. १०१० च्या सुमाराचं हे तमिळ लेखन. राजाच्या देवळावर बायकांची नावं आणि पत्ते! मी तिथे तासभर उभा होतो. आमच्या गाइडने त्याबद्दल एक शब्द काढला नाही. संभाजी महाराज आले, त्यांच्यासाठी सांबार झालं, ही गोष्ट मात्र रंगवून सांगितली. तिचा समकालीन कागद कुणी दाखवत नाही.

चोळ झाले, १५३२ पासून नायक आले, त्यानंतर शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी. १८५५ ला संस्थान खालसा झालं. म्हणजे हजार वर्षांतली आपली जेमतेम १८० वर्षं. गाव तमिळ आहे. पाहुण्यासारखं जावं, पाहुण्यासारखं बघावं.

मोडीवेडी
अजिबात पटलं नाही. सहलीतल्या लोकांना घाई होती हा त्यांचा दोष. त्यासाठी नातं का तोडायचं?

मराठी नाटक म्हटलं की आपण १८४३, सांगली, विष्णुदास भावे इथून सुरुवात करतो. त्याच्या सुमारे दीडशे वर्षं आधी तंजावरचे शहाजीराजे (व्यंकोजींचे चिरंजीव) मराठीत नाटकं लिहीत होते. सरफोजींनी राजवाड्यात देवनागरी छापखाना काढून इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या, तेव्हा मुंबईत मराठी छपाईचा जम बसायचा होता. सरस्वती महाल ग्रंथालयाचा पाया नायकांचा हे मान्य, पण तो वाढवला कुणी? तिथे मोडी कागदांची बाडंच्या बाडं आहेत. आपण 'आपलं नाही' म्हणून मोकळे झालो तर ती वाचणार कोण?

नदीकाठचा
त्याच शहाजीराजांनी तेलुगूतही भरभरून लिहिलं, ते तुम्ही सोडून दिलंत. सरफोजींच्या दरबारातले चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु हे चार भाऊ तिथल्याच नट्टुवनार, म्हणजे नृत्य शिकवणाऱ्या गुरूंच्या, घराण्यातले. अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा भरतनाट्यमचा आजचा क्रम त्यांनी बसवला. याला आश्रय मराठ्यांचा, पण विद्या कुणाची?

आणि मोडीचं म्हणाल तर तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने त्या कागदांचे तमिळ अनुवाद टिपांसह छापले आहेत. 'आमचं' न म्हणता त्यांनी काम केलं.

कुंभकोणमची लेक
तुम्ही दोघं ज्यांच्याबद्दल भांडताय त्यांच्यातली मी एक. तमिळ लोक आम्हाला 'रायर' म्हणतात. घरात मराठी, शाळेत तमिळ, देवळात दोन्ही. पुण्यात नोकरीला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात एकीने विचारलं, 'हे कुठलं मराठी?' मला रडू आलं होतं.

नदीकाठचा, १८५५ ला राज्य गेलं, आम्ही कुठेही गेलो नाही. त्यावेळी कुंभकोणमचेच टी. माधवराव तरुण होते. पुढे ते त्रावणकोर, इंदूर, बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. तेव्हा ती १८० वर्षं राजांची. आमची अजून चालू आहेत, आणि आम्ही पाहुणे नाही.

मोडीवेडीताई, तुम्ही कागद वाचा, मला आनंदच आहे. पण आम्हाला 'मराठे कुठवर पोचले' याचा दाखला करू नका. मोरगावकर बुवांची कीर्तनं तंजावरला झाली, ती ऐकून कृष्ण भागवतरांनी साकी, दिंडी, ओवी उचलली, त्यात कर्नाटक संगीत घातलं आणि तमिळमध्ये हरिकथा उभी केली. आमच्याकडे रामनवमीला ती ऐकताना कुणी विचारत नाही की यातलं मराठी किती. माझी आजी डांगर करायची आणि त्याची कृती वहीत तमिळ लिपीत लिहायची. भाषा मराठी, अक्षरं तमिळ. ती वही कुणाची म्हणाल?

भातखाचर
तिघांचंही वाचलं. सगळी चर्चा राजवाडा आणि देऊळ यांच्यापुढे सरकत नाही, म्हणून लिहितो. हे सगळं उभं राहिलं कावेरीच्या भातावर. राजराजाच्याच लेखांत कुठल्या गावाने देवळाला किती भात घालायचं ते लिहिलेलं आहे. ते भात लावणाऱ्यांची नावं नाहीत.

२५ डिसेंबर १९६८ ला कीळवेण्मणीत, तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यात, मजुरीच्या तंट्यातून ४४ दलितांना झोपडीत कोंडून जाळलं. बहुतेक बायका आणि मुलं. मागणं होतं जास्त भाताचं. उच्च न्यायालयात जमीनदार सुटले. तंजावरचा वारसा सांगताना तिथले लोक म्हणजे कोण, हे आधी ठरवा. मराठी की तमिळ, हा प्रश्न त्या झोपडीत कुणाला पडला नसेल.

मोडीवेडी
भातखाचर, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. कीळवेण्मणीचं नाव मी आज पहिल्यांदा वाचलं, याची लाज वाटते. एवढंच सांगते की मोडी बाडांत नुसत्या वंशावळी नाहीत. धान्याचे, देणग्यांचे, नोकरचाकरांच्या पगाराचे हिशेब आहेत. राबणाऱ्यांचा माग कुठे लागायचा असेल तर तो अशाच कागदांत लागेल. म्हणून माझा हट्ट कायम आहे. मी 'आपलं' म्हणणारच, पण मालकीने नव्हे, जबाबदारीने.

नदीकाठचा
कुंभकोणमची लेक, 'जेमतेम १८० वर्षं' आणि 'पाहुणे' हे दोन्ही शब्द मागे घेतो. चुकलंच. सहलीबद्दल जे लिहिलं ते मागे घेत नाही. पुढच्या वेळी नर्तकींचे लेख वाचून दाखवणारा तमिळ जाणकार बरोबर घेऊन जाणार आहे.

मोडीवेडी
लेकी, आजीच्या वहीतलं डांगरचं पान इथे टाकशील का? मोडी मी लावते, पण तमिळ अक्षरं मला येत नाहीत. तू वाचून सांग, मी लिहून घेते.