सॅच्युरेशन ९७, तरी मास्क कशाला?

रात्रपाळी: छातीत दुखतंय म्हणून रुग्ण येतो. धाप नाही, सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) ९७ टक्के. तरी तोंडावर मास्क आणि मिनिटाला १० लिटर ऑक्सिजन! विचारलं की उत्तर ठरलेलं, "असू दे, काही बिघडत नाही." २०१७ मध्ये स्वीडनमध्ये हार्ट अटॅकचा संशय असलेल्या ६,६२९ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली, सगळ्यांचं सॅच्युरेशन ९० किंवा जास्त. वर्षभरातल्या मृत्यूंत ऑक्सिजनने काहीही फरक पडला नाही. त्याआधी २०१५ च्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत तर ऑक्सिजनवाल्यांच्या हृदयाला इजा जास्तच दिसली होती. औषध आहे ते, अंगारा नव्हे.

सायरन: चाचणीतले रुग्ण आकडा घेऊन येतात हो, आम्हा ॲम्ब्युलन्सवाल्यांचे जिन्यात पडलेले असतात. गार बोटावर ऑक्सिमीटर नुसता चाचपडत बसतो, काळ्यासावळ्या त्वचेवर खऱ्यापेक्षा जास्तही दाखवतो. आगीच्या धुरातून काढलेल्याचे तर ९९ दिसतील, कारण कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्या यंत्राला ऑक्सिजनवालंच वाटतं. त्याचाही मास्क काढणार?

रात्रपाळी: धूर, शॉक (रक्ताभिसरण कोसळणं), कार्डियाक अरेस्ट, तिथे सढळ हाताने द्या. मी ९७ वाल्याबद्दल बोलतोय.

वॉर्डातली: मी सीओपीडीबद्दल, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणाऱ्या फुप्फुसांच्या जुनाट आजाराबद्दल बोलते. एक आजोबा १५ लिटरवर आले, सॅच्युरेशन १००, सगळे खूश. अर्ध्या तासाने हाक मारली तर डोळे उघडेनात. एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी) केलं, कार्बन डायऑक्साइड भरमसाट वाढलेला. अशांना ८८ ते ९२ पुरतं. ठरावीक प्रमाणातच ऑक्सिजन देणारा व्हेंचुरी मास्क कपाटातच होता.

सायरन: पण ते आजोबा निळे पडलेले असते तर? ऑक्सिजन नसला तर माणूस काही मिनिटांत जातो, कार्बन डायऑक्साइड चढायला वेळ लागतो. आधी द्या, मग कमी करा.

रात्रपाळी: कमी करतंय कोण? ॲम्ब्युलन्समध्ये फिरवलेला नॉब वॉर्डापर्यंत तसाच येतो. शिवाय १५ लिटरवरचे ९८ आणि साध्या हवेवरचे ९८ केसपेपरवर सारखेच दिसतात. फुप्फुस आतून ढासळत असतं नि आकडा छान!

सायरन: नॉबचं कबूल, ती चूक आमचीच. पण नव्या पोरांना "९४ च्या वर देऊ नका" एवढंच शिकवलंत, तर ती आकड्याकडे बघत बसतील. समोरचा मिनिटाला ३५ श्वास घेतोय, ते मोजणार कोण?

वॉर्डातली: तेही लिहायला हवं. सध्या आम्ही चिकटपट्टीवर लिटर, वेळ आणि लक्ष्य लिहून फ्लोमीटरला (ऑक्सिजनचा प्रवाह दाखवणाऱ्या मीटरला) लावतो. काल एकीवर वेळ होती सकाळी ६, आणि मी ती वाचली दुपारी २ ला.